मदत हवी आहे: आयोनिया नावाचा अर्थ काय? (अर्जंट)

घाईगडबड: आयोनिया या नावाचा अर्थ काय आणि ते आलं कुठून? मुलीचा प्रोजेक्ट उद्या सकाळी द्यायचाय, नकाशा चिकटवून झालाय, खाली दोन ओळी लिहायच्यात तिथेच गाडी अडलीय. प्लीज लवकर.

सह्याद्रीवासी: कुठला? ग्रीस-इटलीच्या मधला आयोनियन समुद्र की तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचा प्रांत? नकाशात काय रंगवलंय?

घाईगडबड: दोन आहेत?? तिने ग्रीसच्या डावीकडचा समुद्र निळा केलाय. पण मॅडमनी मायलेटस, इफेसस ही शहरं लिहून दिलीयत.

सह्याद्रीवासी: मग प्रांतच. आजच्या इझमीरच्या आसपासचा. ग्रीकमध्ये समुद्राच्या नावात ओ ऱ्हस्व, प्रांताच्या नावात दीर्घ, मराठीत दोन्ही एकसारखी दिसतात.

शब्दवेडा: एवढी चर्चा कशाला, सरळ आपला संस्कृत 'योनि' शब्द आहे!

निवांत: झालं यांचं सुरू. मुलगी शाळेत जाते हो, जरा जपून.

लिपीप्रेमी: योनि नाही, यवन! आयोनिया म्हणजे आयोनियन या ग्रीक लोकांचा मुलूख, बस. होमर त्यांना 'इआओनेस' म्हणतो, त्याआधी मधे 'व' होता, क्रीट बेटावरच्या क्नोसॉसच्या मातीच्या पाट्यांवर 'इ-या-वो-ने' असं सापडलंय. ग्रीकांनी पुढे तो व गाळला, ग्रीकांसाठीच्या आपल्या संस्कृत 'यवन' शब्दात राहिला. जुन्या इराणीत 'यौन'. ग्रीक मात्र आयॉन नावाच्या मूळपुरुषाची गोष्ट सांगायचे. मूळ शब्दाच्या अर्थावर अभ्यासकांचं एकमत नाही, तसंच लिहा.

शब्दवेडा: यवन म्हणजे मुसलमान ना?

लिपीप्रेमी: तो नंतरचा वापर. कार्ल्याच्या चैत्यगृहात जाऊन या, धेनुकाकटच्या यवनांनी खांब दान दिल्याचं ब्राह्मीत खांबांवरच कोरलंय.

निवांत: हो पण त्यांची नावं बघा, सिहधय, धम. हे कसले ग्रीक?

लिपीप्रेमी: बौद्ध झाले, नावं बदलली. त्यात काय.

निवांत: किंवा इथलेच कोणीतरी, नुसते यवन म्हणवून घेणारे. तुम्ही फारच ठाम बोलता.

केमिस्ट्रीवाला: बॅटरीतला आयन वेगळा बरं का. तो फॅराडेने १८३४ मध्ये 'जाणे' या ग्रीक क्रियापदावरून घेतला.

निवांत: विचारलं कोणी?

भटकभवानी: इफेससला गेलात तर सकाळी लवकर जा, संगमरवर असा तापतो की डोळे उघडवत नाहीत.

घाईगडबड: यवन लिहिलं, थँक्यू लिपीप्रेमी. पण डावीकडचा निळा रंग कसा काढू?

सह्याद्रीवासी: वॉटरकलर आहे की स्केचपेन?