पुरामुळे उघडं पडलेलं सोनं

रेनेसाँमधली (युरोपातल्या प्रबोधनकाळातली) लाकडी शिल्पं रंगाविना, लाकूड दिसेल अशीच ठेवत, असं काहीजण म्हणतात. याबाबत इटालियन शिल्पकार दोनातेल्लोच्या मरीया मग्दालीयाचं (येशूच्या शिष्येचं) उदाहरण जरूर पाहावं. पॉप्लरच्या लाकडात कोरलेली ही मूर्ती १८८ सेंटिमीटर उंच, म्हणजे जवळपास पुरुषभर. अभ्यासक ती साधारण पंधराव्या शतकाच्या मध्यातली मानतात. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या बाप्टिस्टरीत (बाप्तिस्मा देण्याच्या प्रार्थनागृहात) तिला कित्येक पिढ्यांनी पाहिलं ते एकसुरी तपकिरी रूपात.

४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीचा पूर शहरात शिरला. त्या पाण्यात तळघरांतलं इंधनतेल आणि चिखल मिसळलेला होता. बाप्टिस्टरीच्या, शिल्पकार गिबेर्तीने घडवलेल्या सोनेरी दरवाजाचे पाच फलक निखळले आणि मग्दालीयालाही पाण्याचा फटका बसला. नंतर तज्ज्ञांनी ती साफ करताना वरचा तपकिरी थर काढला, तेव्हा खाली उन्हाने रापलेल्या त्वचेचा रंग आणि केसांत सोनं निघालं!

मला हे सोनं फार महत्त्वाचं वाटतं. खोल गेलेले डोळे, सुकलेलं शरीर, अंगभर वस्त्रासारखे लपेटलेले केस आणि जुळता जुळता थांबलेले दोन हात. नुसत्या तपकिरी लाकडात तिचे हालच दिसत होते. सोन्यामुळे कळतं की दोनातेल्लोला त्या झिजलेल्या बाईच्या अंगावर प्रकाशही हवा होता. आता ती तिथल्या म्युझिओ देल ओपेरा देल दुओमो या कॅथेड्रलच्या संग्रहालयात आहे. फ्लॉरेन्सला गेलात तर तिच्या हातांसमोर थोडा वेळ नक्की थांबा.