प्रतिसाद : दोषारोपपत्राशिवाय पाच महिने निलंबन

ताई, तुमचे मिस्टर सातारच्या राज्य शासकीय कार्यालयात लिपिक आहेत, पाच महिने निलंबित आहेत आणि अजून दोषारोपपत्र (खात्याने लेखी दिलेली आरोपांची यादी) नाही, असं तुम्ही लिहिलंय. वर काहींनी 'गप्प बसा, साहेब आणखी चिडतील' असा सल्ला दिलाय. मला तो अजिबात पटत नाही.

अजयकुमार चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली सांगितलंय की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे चालू ठेवू नये. त्याला धरूनच राज्य शासनाचा 9 जुलै 2019 चा शासन निर्णय आहे. दोषारोपपत्र वेळेत दिलं असेल, तरी मुदतवाढीला कारणांसह आदेश लागतो. मात्र निलंबन आपोआप उठत नाही, म्हणून हा निकाल आणि शासन निर्णय या दोन्हींचा हवाला देऊन निलंबन मागे घेण्यासाठी आजच लेखी अर्ज करा. अर्ज आवक शाखेतच द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढे सगळं त्या शिक्क्यावर उभं राहतं.

निलंबनाच्या काळातला निर्वाह भत्ता मिळतोय ना? सुरुवातीला तो अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका असतो. तीन महिन्यांनंतर, विलंबाला कर्मचारी जबाबदार नसेल तर, त्या रकमेच्या जास्तीत जास्त निम्म्याने वाढवता येतो. दुसरीकडे नोकरी करत नसल्याचं प्रमाणपत्र द्यायला विसरू नका, नाहीतर तेवढ्यावरून भत्ता अडतो. घरात शाळेची फी थकलेली असताना हे फार लागतं हो.

दाद लागली नाही तर मॅटचं, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचं, मुंबई खंडपीठ आहेच. निलंबनाच्या आदेशात ठरवून दिलेलं मुख्यालय (राहायचं ठिकाण) मात्र परवानगीशिवाय सोडू नये.