ठसा, शिक्का की कोरीव सही?

विचारणा: जुन्या बंदुकांची पारख कशी करतात, यावरच्या लेखाचा अनुवाद करतोय. मेकर्स मार्क (बनवणाऱ्याची खूण), प्रूफ मार्क (नळीच्या चाचणीची खूण) आणि नक्षीकाराची आद्याक्षरं, तिन्हींना 'शिक्का' म्हटलं तर चालेल का?

उत्तर १: नाही चालणार. ठसा ठोकतात, सही कोरतात. ठोकल्यावर धातू दबतो नि कडेला बारीक वरंबा उठतो. कोरणी धातू काढूनच टाकते, मागे खाच उरते. भिंगातून हा फरक दिसतो आणि पारखीची सुरुवातच तिथून होते. बनवणाऱ्याचं नाव दोन्ही तऱ्हांनी येतं, म्हणून तिथे नुसतं 'कारागिराची खूण' लिहा. प्रूफ मार्कला मी 'चाचणीठसा' म्हणेन. लंडनला जादा दारू ठासून नळी उडवून पाहत. टिकली तर मुकुटाखाली 'जीपी' अक्षरांचा ठसा. नक्षी कोणी केली, हे त्यावरून कळत नाही. लिलावाच्या माहितीपत्रकांत मात्र भलताच अर्थ काढलेला आढळतो!

उत्तर २: 'छाप' हा शब्द राखून ठेवा, लागेल. न्यूयॉर्कचा नक्षीकार एल. डी. निम्श्के (मृत्यू १९०४) आपल्या कामाचे कागदी छाप वहीत चिकटवून ठेवायचा. खाचांत शाई भरून कागद दाबला की नक्षी उमटते, पण आरशातल्यासारखी उलटी. त्याच्या नावावर खपवलेली बंदूक त्या छापांशी ताडून पाहता येते. नुसत्या 'एलडीएन' अक्षरांवर भरवसा ठेवू नये. तीन अक्षरं कोरणं सोपं, नक्षीतल्या पानांच्या वळणांतली हाताची लकब उचलणं कठीण.

उत्तर ३: ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर चार भागांत विभागलेलं बदाम नि त्यात व्ही-ई-आय-सी अक्षरं असत, पुढे उभा सिंह आला. ही मालकीची निशाणी. भांड्यावर नाव घालतो तसंच. घातलेलं नाव तांबटाचं नसतं.

विचारणा: आणि सही मागाहून कोरली असेल तर? लेखात गंजाचा उल्लेख आहे.

उत्तर १: जुन्या अक्षरांच्या कडा गंजाने खाल्लेल्या असतात. गंजाच्या खड्ड्यात उतरूनही रेघ तळापर्यंत लखलखीत, धारदार दिसली, तर गंज आधीचा, सही नंतरची. तेव्हा 'बनावट शिक्का' असं सरसकट लिहू नका. चाचणीठसा अस्सल आणि सही बनावट, हे एकाच नळीवर सर्रास सापडतं.