मदत हवी आहे: माळवद गळतंय, पाऊस तोंडावर आलाय

पाच_खणी:
आमच्या जुन्या घरातली ढाळजेला (दारातल्या बैठकीच्या ओसरीला) लागून असलेली पाच खणांची (तुळयांमधल्या पाच गाळ्यांची) खोली गावाच्या अभ्यासिकेला दिलीये. दुपारी बचत गटाच्या बायकाही तिथेच बसणार. माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छत, तीन ठिकाणी गळतंय. पांढऱ्या मातीत सिमेंट कालवून वरून थर द्यावा का? प्रमाण सांगा. पत्रा आणि स्लॅब सुचवू नका, उन्हाळ्यात गार राहते म्हणूनच ही खोली निवडलीये. गवंडी परवा येतोय.

बार्शीचा_बाण:
जिल्हा कुठला? भिंती कसल्या? मातीचा थर किती? आणि गळतंय ते साण्याच्या (छतातल्या उजेडाच्या झरोक्याच्या) कडेने की मधूनच?

लाल_चिरा:
स्लॅब टाका आणि मोकळे व्हा. आमच्या रत्नागिरीकडे चिऱ्याच्या भिंतीवर स्लॅब टाकून वाचनालय केलंय, काही झालेलं नाही.

पाच_खणी:
वर काय लिहिलंय ते वाचता का कुणी? धाराशिव जिल्हा, तुळजापूर तालुका. भिंती दगडमातीच्या, नेहमीच्याच.

चुनाभट्टी:
सिमेंट नकोच. खालची माती फुगते-आकसते, वरचा कडक थर तडकतो. तड्यातून गेलेलं पाणी वाळत नाही आणि किलच्या (मातीखालच्या लाकडी फळकुट्या) आतल्या आत कुजतात. चुना वापरा. भिजवून मुरवलेला चुना, गूळ आणि बेलफळाचा गर...

बार्शीचा_बाण:
आलं बेलफळ! अहो, माळवदाला कुठला चुना? आमचे आजोबा मृगाआधी चार-सहा पाट्या पांढरी माती पसरून धुम्मसाने ठोकायचे. गवत उगवू नये म्हणून वर मीठ. पावसाळाभर थेंब नाही.

सळई:
दरवर्षी चार-सहा पाट्या टाकल्या, पण जुनी माती खाली काढली कुणी? म्हणूनच थराची जाडी विचारतात. धागाकर्ते, मोजा आधी.

वीट_वेडा:
लॉरी बेकर यांची रॅट ट्रॅप पद्धत बघा. वीट उभी लावून मधे पोकळी ठेवतात. विटा साधारण २५ टक्के वाचतात, खोलीही गार राहते.

पाच_खणी:
वीट कुठून आली मध्येच?
मोजलं. साण्यातून हात घातला, काठीला खूण केली. दोन फूट भरलं. खोली पंधरा बाय वीस. उत्तरेच्या भिंतीने जरा पोट काढलंय, पण ते मी लहान होतो तेव्हापासून तसंच आहे.

सळई:
हे पहिल्याच प्रतिसादात हवं होतं. ३०० चौरस फूट गुणिले दोन, म्हणजे ६०० घनफूट, सहा ब्रास. कोरड्या मातीचंच वजन २५-२७ टन, भिजली की आणखी. त्यावर तुम्ही अजून थर द्यायला निघालात, खाली पोरं बसणार.
तुमच्या भागात ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप कुणाला सांगायला नको. दगडमातीच्या जाड भिंतीला आतला आणि बाहेरचा असे दोन पदर असतात. आरपार दगड नसले की पदर सुटतात. पोट काढणं म्हणजे तेच.

बार्शीचा_बाण:
किल्लारीकडे आमच्या मावशीच्या घरात खांब उभेच होते, भिंती तेवढ्या बसल्या. विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट होती ती.

चुनाभट्टी:
म्हणजे माळवद वाईट नाही, हेच मी म्हणत होतो.

सळई:
तुम्ही बेलफळ म्हणत होता.
आता काम असं. आधी पोटाला टेकू. मग माती सगळीकडून सारखी उतरवत न्या, एका बाजूने ओढू नका. सहा-आठ इंच ठेवा. किलच्या टोचून बघा, कुजलेल्या बदला. खांब-तुळईच्या सांध्यांना तिरके आधार द्या. भिंतीत आडव्या चार फुटांवर, उभ्या दोन फुटांवर आरपार भोकं पाडून सळई घाला, काँक्रीट भरा. पोट सुटलेला भाग मात्र उतरवून नव्याने रचा. इंजिनियरने भिंत बघितल्याशिवाय अभ्यासिका उघडू नका.

पाच_खणी:
गवंड्याला फोन केला. म्हणाला, "थर द्यायचा बोलला होता, उतरवायची मजुरी येगळी." परवाचं रद्द. एवढी माती टाकू कुठे?

बार्शीचा_बाण:
थोडी चाळून, झाकून ठेवा, वरच्या थराला तीच लागेल. बाकी शेतात.

लाल_चिरा:
खांब सागवानी आहेत का? काढणार असाल तर भाव कळवा.

पाच_खणी:
नाही काढणार.