रूम पार्टनर चिठ्ठीनेच ठरावा

भटकभवानी:
परवा इथे एका वॉर्डन सरांची पोस्ट होती. त्यांच्या छोट्या निवासी कॉलेजात पहिल्या वर्षालाच फॉर्म भरून रूम पार्टनर निवडू देतात, आणि तेव्हापासून तक्रारी बंद. खाली नुसती वाहवा.

तक्रारी बंद होणारच की हो! पण पहिल्या वर्षाला आलेल्या पोराला ओळखीचं असतं कोण? बारावीच्या क्लासमधला, गावचा, नाहीतर नात्यातला. उरलेले ॲडमिशनची यादी लागल्यावर आडनावं चाळतात. आधी "कुठले तुम्ही?", मग "पाहुणे कोण?" झाली खोली तयार. एक मजला या तालुक्याचा, एक मजला त्या जातीचा.

मी ॲग्रीला, म्हणजे कृषी कॉलेजला होते, तिथे चिठ्ठ्या टाकायचे. मी संगमनेरची, एक कणकवलीची, एक गडचिरोलीकडच्या भामरागडची. कणकवलीचीला पंखा पाचवर लागायचा, मला दोनवर. भामरागडची फोनवर घरी माडिया या तिकडच्या आदिवासी भाषेत बोलायची आणि आम्हा दोघींना खात्री, ही आमच्याच कागाळ्या करतेय. अख्खं पहिलं सेमिस्टर धुसफुशीत गेलं. पण सातव्या सेमिस्टरला रावेसाठी, म्हणजे गावात राहून शेतीचा अनुभव घ्यायच्या कोर्ससाठी, खेड्यात राहायला गेलो, तेव्हा ज्यांनी तीन वर्षं आपल्याच भागातल्या दोघींसोबत काढली होती, त्यांची परक्या शेतकऱ्याच्या ओट्यावर दातखिळी बसली. आमची नाही बसली. सरांना शांतता हवी असेल तर हॉस्टेल कशाला, लॉज काढा.

ऊसकरी:
ताई, तुमची लॉटरी लागली म्हणून सगळ्यांना तिकीट घ्यायला लावू नका.

मलाही चिठ्ठीनेच खोली मिळाली होती. पार्टनर दोघे. आठवडाभर गळ्यात गळे. मग नोटीस बोर्डावर मागासवर्गीयांच्या स्कॉलरशिपची यादी लागली, त्यात माझं नाव. दुसऱ्या दिवशी जारजवळ तीन ग्लास होते आणि एकावर मार्करने फुली. कोणी काही बोललं नाही. रेक्टरकडे गेलो तर म्हणाले, "ॲडजस्ट करायला शिका, हॉस्टेल लाइफ आहे." शेवटी आमच्या भागातल्या एका सीनियरने त्याच्या खोलीत गादी टाकू दिली. वर्षभर पॅरासाइट म्हणून राहिलो आणि फी त्या फुलीवाल्या खोलीची भरली.

एकत्र कोंबलं की जात जाते हा शोध तुमचा, प्रयोग मात्र आमच्यावर.

जुना_जीएस:
वाईट झालं, पण तो दोष रेक्टरचा, चिठ्ठीचा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं, तिथे सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एका पंगतीला जेवायची. गांधीजींनी 1927 मध्ये येऊन त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं. तेव्हा जमलं ते आता का जमू नये?

ऊसकरी:
ज्यांचं नाव दिलं त्यांचंही बघा ना. शाहू महाराजांनी कोल्हापुरात सगळ्यांसाठी एकच वसतिगृह आधी काढून पाहिलं होतं. बहुजनांच्या पोरांना त्याचा उपयोग होईना. म्हणून 1901 पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी वेगवेगळी बोर्डिंगं निघाली. त्यांना काय एकोपा कळत नव्हता?

जुना_जीएस:
अहो, तेव्हा त्या पोरांना शहरात कोणी उंबऱ्यात उभं करत नव्हतं! आधी डोक्यावर छप्पर, मग पुढचं. आणि भाऊराव कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगातच होते. अस्पृश्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परत आल्यावर आंघोळ करायला नकार दिला, म्हणून बोर्डिंगातून हाकलले गेले. त्याच माणसाने पुढे साताऱ्यात एकच पंगत मांडली. वेगळ्या बोर्डिंगचं काय होतं हे त्याला आतून माहीत होतं.

ऊसकरी:
हे मान्य. पण साताऱ्यात स्वतः भाऊराव होते आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून पोरांना जेवू घातलं. तुमच्या हॉस्टेलला कोण आहे? बदलीची वाट बघणारा रेक्टर आणि रात्री दहानंतर फोन न उचलणारा चौकीदार.

खाडा_बुडाला:
पंगतीचा विषय निघालाच आहे तर मेसवर बोला की कोणीतरी. पार्टनर कोणताही द्या, खाडा द्या आधी, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे बिलातून वजा करा! आमच्याकडं सलग तीन दिवस नसाल तरच खाडा. मी परभणीचा. शुक्रवारी रात्रीच्या एसटीनं निघायचं, सोमवारी पहाटे परत. शनिवार-रविवार दोनच दिवस भरतात. चार वर्षांत एक खाडा मिळाला नाही. पैसे पूर्ण, वरून रविवारी संध्याकाळी मेस बंदच!

भटकभवानी:
धागा रूम पार्टनरचा आहे.

वाटणीचा_हिशेब:
नाही, हे महत्त्वाचं आहे. मी मेस सेक्रेटरी होतो. एका दिवसाचा खाडा द्या आणि दुधी असेल त्या दिवशी बघा, निम्मं हॉस्टेल "गावाला" जातं. भाजी शिजलेली असते, आचाऱ्याचा पगार आणि गॅस तेवढाच.

खाडा_बुडाला:
मग दुधी करू नका!

वाटणीचा_हिशेब:
आम्ही ठेकेदार काढून महिन्याचा खर्च भागिले जेवणारी डोकी असं चालवलं. दोन महिने बिल कमी आलं. तिसऱ्या महिन्यात एवढं तेल कुठे गेलं म्हणून किराणा तपासला, तर पावत्या आचाऱ्याच्या मेव्हण्याच्या दुकानाच्या.

खाडा_बुडाला:
आणि सेक्रेटरीचं जेवण फुकट असतं ते सांगा की. फीस्टला तुमच्या ताटात चार गुलाबजाम, आम्हाला मोजून दोन.

वाटणीचा_हिशेब:
पहाटे पाचला मंडईत तू येत होतास का पोती उचलायला? जीभ सांभाळून बोल.

तर्री_पोहे:
मंडईत जाऊनही भाजीत शेंगदाण्याचा कूट अन् साखरच टाकत होते न भाऊ. आमच्या नागपूरच्या पोरांनी वर्षभर घरून आणलेल्या तिखटाच्या डब्यावर दिवस काढले.

नऊ_पंचवीस:
तुमचं चालू द्या. आमच्याकडे मुलींच्या हॉस्टेलचं फाटक सातला बंद व्हायचं, मुलांच्या हॉस्टेलला फाटकच नव्हतं. मेस सामाईक, जेवण साडेसातला. म्हणजे आमचे डबे शिपाई आणून देणार, पोळ्या गार. सुरक्षेचं कारण सांगून मुलींना वेगळे नियम लावू नयेत असं यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2015 च्या नियमावलीत स्पष्ट आहे. प्राचार्यांना दाखवलं तर म्हणाले, पालकांचं पत्र आणा. तेव्हा पार्टनर कोण निवडतं यापेक्षा कुलूप कोण लावतं ते विचारा.

जुना_जीएस:
पालकच सातची वेळ मागतात हो. मी मीटिंगला असायचो.

नऊ_पंचवीस:
मुलाच्या पालकांना कधी विचारलंत का मीटिंगला? मुळीच नाही.

भटकभवानी:
ऊसकरी, ग्लासाचं वाचून रात्री उत्तर लिहिलं आणि खोडलं. माझं म्हणणं अजून तेच आहे, चिठ्ठीच हवी. पण चिठ्ठीनंतर खोली बदलून मागितली तर कारण न विचारता, आठवड्याच्या आत मिळाली पाहिजे. एवढं तुमचं घेते.

ऊसकरी:
उपकार झाले. आणि फुली मारणारा तिथेच राहणार, पंखा-खिडकीसकट? खोली त्याला बदलायला लावा, मग चिठ्ठीवर मी सही करतो.

भटकभवानी:
ते रेक्टर करणार नाही.

ऊसकरी:
तेच तर सांगतोय पहिल्यापासून.

खाडा_बुडाला:
खोली बदलली तर मेस कार्डावर खोली नंबर बदलायचे शंभर रुपये घेतात, ते कोण भरणार?