प्रार्थना ऐकली नाही म्हणजे अंतःकरणात खोट?

दुसरी_घंटा: काल इथे एकाने टाकलंय, "परीक्षेच्या काळात देव विश्वासू राहतो. ज्यांची प्रार्थना ऐकली जात नाही त्यांनी आपलं अंतःकरण तपासावं." खाली आमेनची रांग. सकाळपासून डोकं फिरलंय म्हणून लांब लिहिते. माझ्या नवऱ्याचं तीन वर्षं डायलिसिस चालू आहे, मंगळवार-गुरुवार-शनिवार. डायलिसिससाठी हातातल्या नसा जोडून केलेल्या फिस्टुलावर बोट ठेवलं की आत बारीक मिक्सर चालल्यासारखं घरघरतं, ते थांबलं तर लगेच धावायचं असं सांगितलंय म्हणून मी रात्री झोपेतसुद्धा चाचपत असते. आणि एक पाहुणे पाळक चहा पिऊन निघताना म्हणतात, "ताई, घरात काही लपलेलं पाप आहे का बघा." बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र हेच बोलत होते ना? शेवटी देव रागावला कोणावर? ईयोबाचा 42वा अध्याय काढा. अलीफज या मित्रावर. तोंडावर भांडणाऱ्या ईयोबावर नाही.

पहाटेची_प्रार्थना: ताई, ते मी टाकलेलं, पण तुमच्याबद्दल नव्हतं. पण पंडिता रमाबाई बघा. आईवडील, बहीण दुष्काळात गेली, 1880 ला भाऊ, 1882 ला नवरा, पदरात तान्ही मनोरमा. त्याच बाईने पुढे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून पोरी आणून केडगावला सांभाळल्या. कुरकुर करत बसल्या असत्या तर मुक्ती मिशन उभं राहिलं असतं का?

केडगाव_लोकल: रमाबाईंना मध्ये आणल्याशिवाय कुणाचं भागतच नाही. मनोरमा 1921 ला गेली, रमाबाई एप्रिल 1922 ला. एकुलती एक लेक, आईच्या डोळ्यांदेखत. तिथे कुणाचं अंतःकरण तपासायचं? आणि ईयोबाला गुरं दुप्पट मिळाली पण लेकरं दहाची दहाच, आधीची गेली ती गेलीच.

वसईकर: मुळात 'परीक्षा' शब्दातच घोळ आहे. आम्ही कॅथलिक प्रभूच्या प्रार्थनेत "मोहात पडू देऊ नकोस" म्हणतो, तुम्ही प्रोटेस्टंट "परीक्षेत आणू नकोस". ग्रीकमध्ये शब्द एकच, पैरास्मोस, दोन्ही अर्थ.

अल्टो_आवाज: झालं, आला हा. अरे अब्राहामाची परीक्षा देवानेच पाहिली, बायबलात उत्पत्तीच्या 22व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय.

वसईकर: आणि याकोबाच्या पत्रात 1:13 ला देव कुणाला मोहात पाडत नाही, ते कुठे गेलं? पोप फ्रान्सिसनी 2019 ला इटालियन प्रार्थनेतली ती ओळ बदलायला मान्यता दिली ती उगाच नाही. पोरगं पडतं का बघायला बाप त्याला ढकलत नाही.

केडगाव_लोकल: पोपनी सांगितलं म्हणून मूळ ग्रीक बदलत नाही भाऊ.

वसईकर: मूळ ग्रीक तुझ्या आज्जीने वाचलं होतं का?

केडगाव_लोकल: आज्जीवर जाऊ नको हां. सांगून ठेवतो.

दुसरी_घंटा: इथे माणूस मशीनला लावलाय आणि तुमचं ग्रीक चालूय. धन्य आहे.

निवृत्त_खजिनदार: मी सहसा लिहीत नाही. एप्रिल 2021, बायको ऑक्सिजनवर, मी दवाखान्याच्या जिन्यावर बसून स्तोत्र 91 म्हणत होतो. वाचली. दोन वर्षं मंडळीत उभा राहून देवाने वाचवलं अशी साक्ष दिली. शेजारच्या बेडवर आमच्याच क्वायरमधला एक जण होता, त्याची बायको माझ्याच पायरीवर बसून तेच स्तोत्र म्हणत होती. तो गेला. मी साक्षीला उभा राहिलो की ती चपला शोधायला म्हणून बाहेर जाते. हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. या वर्षी उभा राहिलो नाही.

पहाटेची_प्रार्थना: मग काय साक्षच द्यायची नाही? "तुझी सत्यता थोर आहे" हे बायबलच्या विलापगीतातलं खोटं?

दुसरी_घंटा: खोटं कोण म्हणालं? यरुशलेमची राख झाल्यावरचं आहे ते, लेकरं भुकेने रस्त्यात पडलेली. तुम्ही कॅलेंडरवर त्याच्यामागे सूर्योदय आणि बदकं छापता. मीपण म्हणते ती ओळ, मशीनची सुई टोचताना, तोंड भिंतीकडे करून. विश्वास नसता तर केव्हाच मोकळी झाले असते, त्याच्याशी भांडत कशाला बसले असते?

पहाटेची_प्रार्थना: बरं. अंतःकरणाचं वाक्य काढतो. बाकी पोस्ट राहणार. वरच्या आमेनवाल्यांना काय सांगायचं ते आता तुम्हीच सांगा.

केडगाव_लोकल: उपकार झाले महाराज.

अल्टो_आवाज: ताई, शनिवारी किती वाजता असतं? मेसेज करा, माझी स्कूटी आहे.

वसईकर: पैरास्मोसचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.