मदत हवी आहे : ‘पोर्ने’ या प्राचीन ग्रीक शब्दासाठी मराठी प्रतिशब्द

नमस्कार. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात अथेन्समध्ये अपोलोडोरसने निआइरा या स्त्रीविरुद्ध न्यायालयात केलेल्या भाषणाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. निआइराला कॉरिंथमध्ये निकारेते नावाच्या बाईने लहानपणीच विकत घेतले होते आणि पुढे दोघा पुरुषांनी मिळून ३० मिना (मिना हे प्राचीन ग्रीक चलनाचे एकक) मोजून तिला आपल्या मालकीची केले.

या भाषणात ‘हेताइरा’, म्हणजे सोबतीण, आणि ‘पोर्ने’, म्हणजे देहविक्रय करणारी स्त्री, असे दोन्ही शब्द येतात. ‘पोर्ने’चा संबंध ‘पेर्नेमी’ या क्रियापदाशी जोडला जातो. त्याचा अर्थ विकणे, विशेषतः गुलाम म्हणून परमुलखात विकणे, असा आहे. म्हणजे देहविक्रयाच्या आधी त्या शब्दात माणसाचीच विक्री आहे, आणि निआइराच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. ‘हेताइरा’साठी ‘गणिका’ मला पटते. ‘पोर्ने’साठी ‘वेश्या’ वापरल्यास मात्र ही विक्री पुसली जाते, जे मला फार खटकते. ‘पण्यांगना’ (पण्य म्हणजे विकाऊ) अर्थाने अगदी जवळचा आहे, पण कोर्टातल्या शिवीचा तिखटपणा त्यात उतरत नाही.

जुन्या मराठीत किंवा बोलीत विकल्या गेलेल्या स्त्रीसाठी असा बोचरा शब्द कोणाला आढळला आहे का? ग्रीक जाणणाऱ्यांनी व्युत्पत्तीबद्दलही कृपया लिहावे.